दस्तऐवज टिकवायचा तर : वर्ड प्रोसेसर बदलताना मराठी मजकुराचे काय होते

संगणकावरचा मजकूर वाचायचा तर दर वेळी एखाद्या प्रोग्रॅमला फाइल उघडून तिच्यातील आकड्यांचा अर्थ लावावा लागतो आणि अक्षरे पडद्यावर नव्याने मांडावी लागतात. हा अर्थ लावण्याचे नियम म्हणजे त्या फाइलचा फॉरमॅट. ते नियम जोवर कुणाला ठाऊक आहेत आणि ते पाळणारा प्रोग्रॅम जोवर चालतो आहे, तोवर मजकूर आपला. त्यानंतर फाइल डिस्कवर शाबूत असली तरी मजकूर हाती लागत नाही. १९७८ साली आलेला वर्डस्टार आणि ऐंशीच्या दशकात कार्यालयांमध्ये पसरलेला वर्डपरफेक्ट हे लेखनाचे प्रोग्रॅम, म्हणजे वर्ड प्रोसेसर, आज बहुतेकांच्या संगणकावर नाहीत. १९८३ पासून चालत आलेला मायक्रोसॉफ्टचा वर्ड अजून आहे, परंतु त्याचा फॉरमॅट मधल्या काळात अनेकदा बदलला, आणि विंडोजसाठीच्या वर्ड २ व त्याआधीच्या फायली आजचा वर्ड सुरक्षिततेच्या कारणास्तव आपण होऊन उघडत नाही; सेटिंगमध्ये जाऊन तशी मुद्दाम परवानगी द्यावी लागते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी हा प्रश्न आणखी एक थर खाली जातो. जुनी इंग्रजी फाइल नव्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर समास सरकतात, तक्ते विस्कटतात, पण शब्द सहसा वाचता येतात. जुनी मराठी फाइल उघडली तर शब्दच नाहीसे झालेले असू शकतात. म्हणून ‘कोणता प्रोग्रॅम चांगला’ किंवा ‘कोणत्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करावे’ हे विचारण्याआधी आपल्या फाइलमध्ये अक्षरे कोणत्या रूपात साठवली आहेत, हे पाहणे आवश्यक ठरते. तेथे गफलत असेल तर वरचे सगळे उपाय व्यर्थ जातात.

अक्षर कसे साठवले आहे

नव्वदच्या दशकात विंडोजवर मराठी टंकलेखन सुरू झाले तेव्हा संगणकाला देवनागरीची जोडाक्षरे आपण होऊन जुळवता येत नव्हती, आणि एका फाँटमध्ये साधारणतः दोनशेछप्पन्न खुणांपुरतीच जागा असे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे सांकेतिक मानक १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले होते, तरी छपाईच्या रोजच्या कामात जो मार्ग रूढ झाला तो वेगळा होता : इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले फाँट तयार करायचे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेचे आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, त्याशिवाय कृतिदेव, शिवाजी असे अनेक फाँट याच तत्त्वावर चालत. त्या काळाच्या मर्यादेत ही युक्ती फार मोलाची होती. मराठी वृत्तपत्रे, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके आणि लग्नपत्रिका खिळ्यांच्या जुळणीतून संगणकावर आल्या त्या तिच्यामुळेच.

मात्र तिचा अर्थ असा की, फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलेच नसते. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असे टंकले की फाइलमध्ये इंग्रजी लिपीतील ई, जे, के, बी आणि एच ही पाच अक्षरे नोंदली जातात. ई च्या जागी ‘म’चा, जे च्या जागी ‘र’चा, के च्या जागी कान्याचा आकार दाखवण्याचे काम फाँट करतो. फाँट काढला की मागे ती पाच निरर्थक इंग्रजी अक्षरे उरतात. श्री-लिपीत किंवा आयएसएममध्ये हाच शब्द वेगळ्याच खुणांनी साठवला जातो, त्यामुळे एका फाँटमधील मजकुराला दुसरा फाँट लावूनही उपयोग होत नाही.

आपली फाइल या प्रकारची आहे का, हे ओळखणे सोपे आहे. एखादे वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करावे. तेथेही ते मराठीतच दिसले तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकात, आहे; इंग्रजी अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हे दिसली तर तो जुन्या फाँटमध्ये आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरीचा समावेश इस्कीच्या धर्तीवरच झाला होता; परंतु विंडोजमध्ये देवनागरीची युनिकोड सोय विंडोज २००० पासून आली, आणि छपाईच्या जगाने ती स्वीकारायला त्याहून बरीच वर्षे घेतली. त्यामुळे नव्वदच्या दशकापासून पुढे पंधरा-वीस वर्षांत तयार झालेल्या मराठी फायलींबद्दल, त्या वर्डच्या ‘डॉक’ असोत की पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅमच्या, आधी संशयच घ्यावा हे बरे.

जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, पण त्यांचे काम वाटते तितके यांत्रिक नाही. जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवली जातात, तर युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते म्हणून जुन्या फाइलमध्ये ती आधी येते, युनिकोडमध्ये मात्र ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचे याच्या उलट : ‘वर्ष’ लिहिताना जुन्या फाइलमध्ये ‘ष’ झाल्यावर रफार येतो, युनिकोडमध्ये पाय मोडलेला ‘र’ ‘ष’च्या आधी लागतो. ‘र्वि’, ‘र्त्यां’ यांसारख्या ठिकाणी वेलांटी, जोडाक्षर, रफार आणि अनुस्वार एकमेकांवर येतात, आणि साधे परिवर्तक नेमके तेथे अडखळतात. त्याशिवाय मजकुरात अधूनमधून इंग्रजी शब्द असतील आणि परिवर्तकाला फाँट कुठे बदलला हे कळत नसेल, तर तो त्या इंग्रजी शब्दांचीही देवनागरी खिचडी करतो. म्हणून नुसता मजकूर पेस्ट करायला लावणाऱ्या परिवर्तकापेक्षा, मूळ फाइल घेऊन प्रत्येक तुकड्याचा फाँट तपासणारा परिवर्तक केव्हाही चांगला. आणि कोणताही वापरला तरी मुद्रितशोधन नव्याने करावे लागते, हे धरूनच कामाला लागावे. परिवर्तन झाले म्हणून मूळ फाइल मात्र पुसू नये, आणि तो फाँटही तिच्यासोबत जपून ठेवावा.

युनिकोडमध्ये आल्यावरही एक बारीक काम उरते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र खूण म्हणून २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. तोपर्यंत लोक ‘अ’वर चंद्र देऊन, किंवा मध्ये न दिसणारी जोडखूण घालून ते लिहीत, आजही अनेक कळफलकांवरून ते तसेच उमटते. पडद्यावर ही रूपे बहुधा सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी आहेत, आणि एका रूपात ‘ॲड’ शोधले तर दुसऱ्या रूपात लिहिलेली ‘ॲडव्होकेट’ची नोंद सापडत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील फरक दाखवणारा ‘ऱ्या’ही दोन वेगळ्या क्रमांनी लिहिला जातो. मोठा ग्रंथ, शब्दसूची किंवा संस्थेचे दप्तर युनिकोडमध्ये आणायचे असेल तर यांतले एक रूप ठरवून, शोधा-आणि-बदला ही सोय वापरून, सर्वत्र तेच करून घ्यावे. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण एकदा केले की पुढचा प्रत्येक शोध विश्वासार्ह ठरतो.

डॉक, डॉकएक्स आणि ओडीटी

अक्षरांचा पाया पक्का असेल तर फॉरमॅटची निवड सोपी होते. वर्डचा जुना ‘डॉक’ हा बायनरी फॉरमॅट होता. म्हणजे त्यातील माहिती वर्डखेरीज इतरांना थेट कळेल अशी मांडलेली नव्हती, आणि त्याचे नियम मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी खुले केले ते २००८ साली. तोपर्यंत इतर प्रोग्रॅम तर्काने आणि चिकाटीने तो उलगडत होते. वर्ड २००७ पासून ‘डॉकएक्स’ आला आणि चित्र पालटले.

डॉकएक्सच्या आत काय असते हे एकदा तरी स्वतः पाहावे. एखाद्या डॉकएक्स फाइलची प्रत काढून तिच्या नावाचा शेवट बदलून ‘झिप’ करावा आणि ती उघडावी. आत काही फोल्डर दिसतात. ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॉक्युमेंट’ या नावाची एक्सएमएल फाइल, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुराची फाइल, असते, शेजारी स्टाइल्सची, म्हणजे शीर्षक, परिच्छेद यांच्या नेमून दिलेल्या रूपांची, वेगळी फाइल असते, आणि चित्रे ‘मीडिया’ या फोल्डरमध्ये सुटी ठेवलेली असतात. डॉक्युमेंटची फाइल नोटपॅडमध्ये उघडली की खुणांच्या गर्दीत आपली वाक्ये जशीच्या तशी वाचता येतात. वर्ड नावाचा प्रोग्रॅम उद्या नाहीसा झाला तरी इतका मजकूर कुणालाही काढता येईल. मात्र मूळ टंकलेखन कृतिदेवमध्ये झालेले असेल तर येथेही त्या निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या ओळीच दिसतील. फॉरमॅट खुला झाला म्हणून आतली अक्षरे आपोआप सुधारत नाहीत.

लिबर ऑफिस या मोफत, खुल्या प्रोग्रॅमचा ‘ओडीटी’ हाही असाच झिप केलेला एक्सएमएलचा संच आहे. तो ज्या ओपन डॉक्युमेंट फॉरमॅटचा भाग आहे, त्याला २००५ साली ओएसिस या संस्थेची आणि २००६ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेची मान्यता मिळाली. डॉकएक्समागचे मानक २००६ साली एक्मा या मानक-संस्थेने आणि २००८ साली आयएसओने स्वीकारले. कागदोपत्री दोन्ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत, पण दोन्हींत एक फरक आहे. वर्ड नेहमीच्या पद्धतीने जी फाइल सेव्ह करतो ती मानकाच्या ‘संक्रमणकालीन’ रूपातील असते, आणि त्या रूपात जुन्या वर्डच्या सवयी नव्या फाइलमध्ये सांभाळण्याच्या तरतुदी आहेत : वर्ड ९५ प्रमाणे अंतर सोडावे, वर्ड ९७ च्या नियमाने ओळ मोडावी, अशा अर्थाच्या सूचना मानकात चक्क नावानिशी आहेत. दुसऱ्या प्रोग्रॅमला हे सारे हुबेहूब वठवणे अवघड जाते आणि पाने हलतात. ओडीटीवर जुन्या प्रोग्रॅमचे हे ओझे नाही. ब्रिटनच्या सरकारने २०१४ साली संपादनयोग्य दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीसाठी ओपन डॉक्युमेंटची निवड केली, आणि जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने २०२४ साली आपला कारभार लिबर ऑफिसवर नेण्याचे जाहीर केले, त्यामागे एका कंपनीवर अवलंबून न राहण्याची हीच इच्छा आहे.

तरीही सगळ्यांनी सगळ्या फायली आजच ओडीटीत आणाव्यात, असे मला वाटत नाही. डॉकएक्समध्ये इतके दस्तऐवज जगभर साठलेले आहेत की तो वाचणारे प्रोग्रॅम दीर्घकाळ राहणार आहेत. खरा धोका वेगळ्या सवयीत आहे. एकच फाइल एक जण वर्डमध्ये सुधारतो, दुसरा लिबर ऑफिसमध्ये, तिसरा मोबाइलवर गूगल डॉक्समध्ये, आणि प्रत्येक फेरीत काहीतरी गळते : आपोआप क्रमांकांची मालिका, तळटीपांची मांडणी, मजकुराच्या चौकटी, सुधारणांच्या नोंदी. ज्या प्रोग्रॅममध्ये रोज काम करता त्याचा स्वतःचा फॉरमॅट मूळ प्रतीसाठी ठेवावा, इतरांना पाठवताना वेगळी प्रत काढावी, आणि प्रोग्रॅम कायमचा बदलायचा असेल तर परिवर्तन एकदाच करून, तक्ते, तळटीपा व चित्रे डोळ्यांखालून घालून, त्यानंतर नवी प्रतच मूळ मानावी.

रचना हातांनी की स्टाइल्सनी

प्रोग्रॅम बदलताना कोणती फाइल तग धरेल हे बरेचसे ती कशी लिहिली यावर ठरते, आणि याकडे आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. शीर्षक म्हणजे अक्षर मोठे आणि ठळक करणे, नवे पान म्हणजे एन्टर दाबत राहणे, आणि तक्ता म्हणजे स्पेसबारने शब्द एकाखाली एक आणणे, ही टंकलेखन यंत्राच्या काळातून आलेली पद्धत. अशा फाइलमध्ये प्रोग्रॅमला शीर्षक कोणते आणि परिच्छेद कोणता हे कळतच नाही. त्याला फक्त अक्षराचा आकार दिसतो. फाँट बदलला की एन्टर दाबून आणलेले पान मधेच तुटते आणि स्पेसने जुळवलेले रकाने तिरपे होतात. याउलट शीर्षकाला ‘हेडिंग’ची स्टाइल दिली, पानासाठी ‘पेज ब्रेक’ घातला आणि रकान्यांसाठी खराखुरा तक्ता काढला, तर ही माहिती फाइलमध्ये अर्थासह नोंदली जाते. वर्डमधील हेडिंग लिबर ऑफिसमध्ये हेडिंग म्हणूनच उघडते, अनुक्रमणिका त्यावरून पुन्हा तयार करता येते, आणि पुस्तकभर शीर्षकांचे रूप बदलायचे तर ते एका जागी बदलले की पुरते. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याच प्रकरणापासून ही सवय लावली, तर शेवटच्या महिन्यातील पुष्कळ त्रास वाचतो.

मराठीसाठी येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वर्ड आणि लिबर ऑफिस हे दोन्ही प्रोग्रॅम रोमन लिपीसाठी एक आणि देवनागरी, अरबी यांसारख्या लिप्यांसाठी दुसरा असे फाँट व आकार वेगवेगळे नोंदवतात. त्यामुळे एकाच परिच्छेदाला दोन फाँट आणि दोन मापे असू शकतात. प्रोग्रॅम बदलल्यावर इंग्रजी शब्द ठीक राहून मराठी अक्षरे एकदम लहान झाली किंवा त्यांचा ठळकपणा गेला, तर कारण बहुधा हेच असते. स्टाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन, ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ किंवा ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या नावाखालील फाँट आणि माप तेथेच नेमून द्यावे. ओळी निवडून एकेक दुरुस्त करत बसू नये.

फाँटची निवडही टिकाऊपणाचाच भाग आहे. अनेक वर्षे मराठी फायली ‘मंगल’मध्ये तयार झाल्या, विंडोज १० पासून मंगल हा वेगळा बसवून घ्यायचा पर्यायी फाँट झाला आणि लिनक्सवर तो मुळात नसतोच. मग त्याच्या जागी दुसरा फाँट येतो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि शंभर पानांचे पुस्तक एकशेसहा पानांचे होते. ‘नोटो’, ‘मुक्त’, ‘तिरो देवनागरी मराठी’ यांसारखे खुल्या परवान्याचे फाँट वापरले तर ते कोणत्याही संगणकावर बसवता येतात आणि फाइलसोबत निर्धास्तपणे कुणालाही देता येतात.

पीडीएफवर कितपत विसंबावे

पीडीएफ १९९३ साली अडोबीने आणला आणि २००८ साली त्याचे आयएसओ मानक झाले. पान जसे आहे तसेच सर्वत्र दिसावे हा त्याचा हेतू, आणि तो तो उत्तम पार पाडतो. पण पीडीएफच्या पानावर मुख्यतः अक्षरांचे आकार आणि त्यांच्या जागा नोंदलेल्या असतात. ‘क्ष’ किंवा ‘र्त्य’ या आकारामागे कोणती युनिकोड अक्षरे आहेत याची नोंद सोबत दिलेली असेल तरच मजकूर शोधता आणि कॉपी करता येतो. अनेक मराठी पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर वेलांट्या पुढेमागे झालेला, जोडाक्षरे गळालेली असा येतो, तो यामुळेच. जुन्या फाँटमधील फाइलची पीडीएफ काढली तर ती डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते आणि शोधायला गेले की एकही शब्द सापडत नाही.

दीर्घकाळ जपण्यासाठी ‘पीडीएफ-ए’ हे वेगळे मानक २००५ पासून आहे. त्यात सगळे फाँट फाइलमध्येच घालावे लागतात, आणि पासवर्डला किंवा बाहेरून आणाव्या लागणाऱ्या मजकुराला मनाई आहे. वर्ड आणि लिबर ऑफिस या दोन्हींत पीडीएफ काढताना हा पर्याय मिळतो. मात्र त्याचेही स्तर आहेत : ‘बी’ स्तर केवळ दिसण्याची हमी देतो, तर पुढच्या आवृत्त्यांतला ‘यू’ स्तर मजकुरातील प्रत्येक आकाराला युनिकोडची जोड असल्याची हमी देतो. म्हणून पीडीएफ काढल्यावर लगेच दोन गोष्टी कराव्यात : एखादा जोडाक्षरांचा शब्द त्यात शोधून पाहावा आणि एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये वाचून पाहावा. ही परीक्षा उतरली नाही तर ती प्रत छापायला आणि वाचायला योग्य आहे, पण एकमेव प्रत म्हणून पुरेशी नाही. स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ तर नुसती छायाचित्रेच असतात. आणि पुढे कधी दुरुस्ती करायची शक्यता असेल, तर पीडीएफ कितीही चांगली असली तरी मूळ संपादनयोग्य फाइलची जागा ती घेऊ शकत नाही.

कथा, कविता, लेख, आठवणी अशा साध्या मांडणीच्या लेखनाची एक प्रत नुसत्या टेक्स्ट फाइलमध्येही ठेवावी, असा माझा आग्रह असतो. तिच्यात ठळक अक्षर नाही, तळटीप नाही, पण ती उघडायला कोणताही प्रोग्रॅम चालतो. सेव्ह करताना ‘यूटीएफ-८’ हा युनिकोड मजकूर साठवण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, एवढे पाहावे. जुन्या नोटपॅडमध्ये आपोआप येणारा ‘एएनएसआय’ हा पर्याय तसाच राहू दिला तर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते, आणि त्या प्रश्नचिन्हांतून मजकूर परत मिळवता येत नाही.

गूगल डॉक्सबद्दल एक इशारा द्यायला हवा. संगणकावरील ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जी ‘जीडॉक’ नावाची फाइल दिसते ती दस्तऐवज नसून त्याकडे नेणारा दुवा असतो. ती पेनड्राइव्हवर उतरवली तर मजकुराची प्रत झाली असे होत नाही. तेथील महत्त्वाचे दस्तऐवज ‘डाउनलोड’मधून डॉकएक्स किंवा ओडीटी म्हणून उतरवून घ्यावेत, विशेषतः खाते संस्थेचे किंवा महाविद्यालयाचे असेल आणि ते सोडताना बंद होणार असेल तर.

ज्यांच्याकडे जुन्या पेजमेकर, कोरल किंवा डॉक फायली आहेत, मग तो छोटा प्रकाशक असो की ग्रंथालय, त्यांनी जुना संगणक चालू आहे तोवरच कामाला हात घालावा. ज्या यंत्रावर मूळ प्रोग्रॅम आणि मूळ फाँट अजून बसवलेले आहेत, त्याच यंत्रावर आधी प्रत्येक फाइलची फाँट घातलेली पीडीएफ काढावी, म्हणजे पुढे परिवर्तित मजकूर ताडून पाहायला एक विश्वसनीय पान हाती राहील. त्यानंतर मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये आणावा, त्या पीडीएफशी ओळ न् ओळ ताडावा, आणि कोणत्या फाइलला कोणता फाँट होता, कोणता परिवर्तक वापरला, याची साधी नोंद त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. मूळ प्रोग्रॅम हाताशी नसेल तर लिबर ऑफिस करून पाहावे. वर्डपरफेक्टच्या, मायक्रोसॉफ्ट वर्क्सच्या आणि काही अंशी पेजमेकरच्याही फायली ते उघडते, आणि फाइलमध्ये वापरलेल्या फाँटचे नाव कळले तरी योग्य परिवर्तक निवडता येतो.